दोन नर, शून्य कागद आणि ५८ हजार

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी बॉल पायथन या पाळीव परदेशी अजगराची एक 'जोडी' घेतली. पांढऱ्याशुभ्र अंगावर तपकिरी डाग असतात त्या पाईड मॉर्फचं, म्हणजे रंगाच्या प्रकाराचं, वेड डोक्यात होतं, पण तयार पाईड खिशाला झेपेना. तेव्हा एका ओळखीतून नंबर मिळालेल्या विक्रेत्याने तोड सुचवली. "दादा, हेट पाईड घ्या. दिसायला साधी, पण जीन आत असतो. जोडी मोठी झाली की पाईड पिल्लं तुमच्याच घरात." ५८ हजार ठरले.

हे गणित खोटं नाही, म्हणूनच मी फसलो. पाईडचा गुण आईबाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच आला तर साप साधा दिसतो, तोच हेट. दोन हेटांच्या पिल्लांत सरासरी चारात एक पाईड. सहा अंडी धरली तर एखाद-दुसरं नक्की, असं मी वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. पण साधा साप आणि हेट साप शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. आईबापांपैकी एक पाईड असेल तरच पिल्लू शंभर टक्के हेट. बाप म्हणून मला एका देखण्या पाईडचा फोटो आला होता. तो कुणाचाही असू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही. सापाने टाकलेल्या कातीवरून जीन परदेशात तपासून देतात. इथे मी फोटोवर भागवलं.

नाशिकच्या मुंबई नाक्यावर पहाटे ट्रॅव्हल्सच्या गाडीतून डबा उतरवला. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत दोन कापडी पिशव्या, दोघंही डोकं मध्ये दडवून गोळा होऊन बसलेले. नागपंचमीला पाटावर चित्र काढून पूजा करणारी आमची आई दारातूनच म्हणाली, "जिवंत आणायला कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके तरंगताना दिसले. सापाच्या अंगावरचे कीटक. विक्रेता म्हणाला, "प्रवासात होतं." महिनाभर दोघांनी उंदराला तोंड लावलं नाही. "नाशिकची थंडी, दादा." हे मात्र खरं असू शकतं. डिसेंबरात आमच्या खोलीत मलाच हुडहुडी भरत होती आणि हा साप पश्चिम आफ्रिकेतला. हीट मॅट आणल्यावर खाऊ लागले.

पुढच्या वर्षी पुण्याला एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. शेपटीच्या मुळाशी बारीक सळई हळूच सरकवून लिंग बघतात. मादीत ती तीन-चार खवल्यांपर्यंतच जाते. इथे दोघांतही सरसर आत गेली. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि विचारलं, "जोडी म्हणून घेतलेत?"

हेट आहेत की नाहीत हे मला घरबसल्या सिद्ध करता येणार नाही, पण नर-मादी तरी? विक्रेत्याला फोन लावला. तो जराही चिडला नाही. "दादा, तक्रार करा की. पण पोर्टलवर नोंद कुणाच्या नावावर आहे?"

खरी पाचर इथेच बसते. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले आणि २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. मी विचारलं होतं. "कागद मागाहून पाठवतो," असं उत्तर आलं आणि पिल्लांच्या फोटोंपुढे मी ते सोडून दिलं. विक्रेत्याच्या नावावर नोंद आहे का, पिल्लांचा आईबापांपासूनचा कागद आहे का, हे पैसे टाकण्याआधी मागायचं असतं. 'मागाहून' म्हणाला की तिथेच उठायचं. घोळ नंतर निस्तरू म्हणालात, तर तो तुमच्याच गळ्यात पडतो.

तरी वनविभागात जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि खरेदीचा पुरावा विचारला. मी मोबाईलवर यूपीआयचा स्क्रीनशॉट उघडला. पैसे पाठवताना विक्रेत्याच्या सांगण्यावरून खाली मीच टाईप केलं होतं : 'फिश टँक'.