बिनतारी जोडलेले तीन पार्टी बॉक्स: गणपती ते रंगपंचमीचा अनुभव

माइकपासूनच सुरुवात करतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. तीन पार्टी बॉक्स, म्हणजे बॅटरीवर चालणारे मोठे ब्लूटूथ स्पीकर, बिनतारी जोडले, गाणं तिन्हींतून वाजायला लागलं, मग आरतीसाठी मेन बॉक्समागे (फोन ज्याला जोडलाय त्याच्या) माइकची पिन खोचली, तर आरती एकट्या मेन बॉक्समधून येते. उरलेले दोन गप्प. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला टाळ पोहोचतात, म्हणणाऱ्याचा आवाज नाही. हा बिघाड नव्हे. बहुतेक पार्टी बॉक्समध्ये माइक आणि गिटारची सॉकेटं थेट त्याच बॉक्सच्या अँप्लिफायरला जातात, ब्लूटूथच्या साखळीत शिरतच नाहीत. त्यामागचं कारण रास्त आहे. बिनतारी पाठवायचा आवाज आधी डिजिटल करायचा, दाबून लहान करायचा, थोडा साठवून मग सोडायचा, यात साध्या ब्लूटूथला १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. गाण्याचं काही बिघडत नाही, सगळे बॉक्स सारखेच थांबून एकदम वाजतात. पण म्हणणाऱ्याला स्वतःचाच आवाज इतक्या उशिरा ऐकू आला की तो लय ओढायला लागतो. मान्य. मग खोक्यावर तसं छापा ना! तिथे ढीगभर स्पीकर जोडल्याचं चित्र आहे, माइकबद्दल एक ओळ नाही.

हे लिहायला निमित्त मात्र वेगळंच झालं. अॅपने मेन बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि तिसरा बॉक्स साखळीत येईना. सर्व्हिस सेंटरचं निदान: ‘मोबाईल बदलून बघा.’ खरं कारण साधं होतं. अॅप अपडेट करतं ते फोनला थेट जोडलेल्या बॉक्सचं, साखळीतले बाकीचे जुन्या आवृत्तीवरच राहतात आणि मग एकमेकांना ओळखत नाहीत. उपाय असा: प्रत्येक बॉक्स एकेकटा फोनला जोडायचा, बाकीचे बंद. बॅटरी निम्म्याच्या वर आणि चार्जर लावलेला. तिन्ही एकाच आवृत्तीवर आले की फोनच्या ब्लूटूथ यादीतून तिघांनाही काढून टाकायचं, तिन्ही फॅक्टरी रीसेट करायचे आणि नव्याने जोडायचं. मेन बॉक्स पहिला, त्यावर गाणं सुरू करून जोडणीचं बटण, मग दुसरा. त्याचा दिवा स्थिर झाला की तिसरा. दोन्ही एकदम दाबले तर कधीकधी तेच दोघे आपसांत जोडी करून बसतात.

वेगळ्या पिढीचे बॉक्स मात्र अपडेटनेही जुळत नाहीत, एकाच कंपनीचे असले तरी. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण जेबीएलचं: कनेक्ट प्लस, पार्टीबूस्ट आणि आता ऑराकास्ट, या बॉक्स एकमेकांना जोडण्याच्या तीन वेगवेगळ्या भाषा आहेत. ज्यात ऑराकास्टच आहे त्या स्पीकरशी पार्टीबूस्टचा स्पीकर बोलत नाही. जुन्याला जोड म्हणून नवा घेणार असाल तर रंगाआधी हे विचारा.

आता आवाज ‘मोठा’ होण्याबद्दल. दुकानदाराचा हिशोब असा की तीन बॉक्स म्हणजे तिप्पट आवाज. तिप्पट होतो तो खर्च. लांबून ऐकताना दोन सारख्या बॉक्सने साधारण ३ डेसिबल वाढतात, तिनाने पावणेपाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. दोन बॉक्स अगदी चिकटून ठेवले तर खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत मिळतात, म्हणून दणका हवा असेल तेव्हा बॉक्स एकमेकांपासून दूर ठेवू नका. दूर ठेवले की ढोलाचा ठोका काही ठिकाणी चक्क गायब होतो. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेपाच मीटरच्या वर असते. ऐकणारा एका बॉक्सला दुसऱ्यापेक्षा पावणेतीन-तीन मीटर जवळ असेल तर दोन्हींचा तो सूर एकमेकांना खातो. लोक म्हणतात बॉक्स खराब आहे. दोन पावलं बाजूला सरका, परत येतो.

गणपतीत तीन बॉक्स गल्लीच्या दोन टोकांना समोरासमोर ठेवले होते, आणि तेव्हा माझं मत ‘हे फीचर म्हणजे निव्वळ दिखावा’ असं पक्कं झालं. प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येत होती. वाटलं, साखळीच मागे पडते आहे. प्रत्यक्षात हवेतला आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरला ३ मिलिसेकंद. २० मीटर लांबचा बॉक्स तुमच्या कानाशी ६० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि एवढा उशीर ठोक्याला, टाळीला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळतो. मोठ्या कार्यक्रमात साउंडवाले मागच्या बॉक्सला मुद्दाम तेवढा उशीर लावून देतात. पार्टी बॉक्सच्या अॅपमध्ये ती सोय सहसा नसते.

दिवाळीनंतर मत बदललं. गच्चीवरच्या पंगतीला तिन्ही बॉक्स सहा-सात मीटरांवर, एकाच दिशेला तोंड करून आणि आवाज तिसऱ्या हिश्श्यावर ठेवला. मधला उशीर २० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, तेवढा कान पोटात घालतो. कुणाच्या कानाशी ओरडा नाही आणि शेवटच्या पानापर्यंत गाणं सारखं. एका बॉक्सने हे जमत नाही: मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे २ मीटरवरच्या आणि १६ मीटरवरच्या माणसात १८ डेसिबलचा फरक. मागच्याला ऐकू जावं म्हणून पुढच्याचे कान किटवायचे. बिनतारी जोडणीचा खरा उपयोग हा, आवाज पसरवण्याचा. दणक्यासाठी ती नाहीच. आणि इथे स्टीरिओ नव्हे, पार्टी मोडच ठेवा, म्हणजे सगळ्या बॉक्सांतून पूर्ण गाणं. स्टीरिओत डाव्या बॉक्सपाशी बसलेल्याला अर्धीच वाद्यं मिळतात.

ऑराकास्टसारख्या प्रसारण पद्धतीत बाकीचे सगळे थेट मेन बॉक्सकडूनच घेतात, एकाकडून दुसऱ्याकडे पुढे जात नाही. म्हणून मेन बॉक्स ओळीच्या टोकाला ठेवायचा नाही, मधोमध ठेवायचा, आणि जमिनीवर नाही, स्टुलावर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ते माणसाच्या अंगात मुरतं. रिकाम्या गच्चीवर चालणारी जोडणी गर्दी झाली की तुटते ती यामुळे. लोखंडी शटरच्या आड ठेवलात तरी तेच. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, गाणी आधी उतरवून घ्या. नाहीतर तीन बॉक्समधून बँकेचा मेसेज वाजतो.

तरी माइकचा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर वायर. चार चॅनलचा छोटा मिक्सर घ्या, त्यात माइक आणि फोन दोन्ही. मिक्सरचं डावं आउट एका बॉक्सच्या ऑक्सला (वायरने आवाज आत घ्यायच्या सॉकेटला), उजवं दुसऱ्याच्या. माइकचा पॅन, म्हणजे डावं-उजवं करायची खुंटी, मधोमध. उशीर शून्य, आरती दोन्ही बॉक्सांतून. मिक्सरमधून फक्त मेन बॉक्सच्या ऑक्सला देऊन पुढे बिनतारी सोडू नका. काही बॉक्समध्ये ते चालतं, पण आवाज पुन्हा उशिरा येतो.

पिनांपाशी बहुतेकांचं चुकतं, म्हणून नीट सांगतो. मिक्सरचं आउट बहुतेकदा पी-३८चं, म्हणजे जाड ६.३५ एमएमच्या पिनेचं, बॉक्सचं ऑक्स ३.५ एमएमचं स्टीरिओ. मिक्सरचं आउट बॅलन्स्ड असेल (तोच आवाज एका तारेत सुलटा, दुसरीत उलटा) आणि तुम्ही दोन्हीकडे तीन कड्यांच्या पिनांची वायर लावलीत, तर बॉक्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज उलट्या फेजमध्ये पोहोचतो. बॉक्स आतून दोन्ही बाजू एकत्र करून मोनो वाजवत असेल तर त्या एकमेकींना मारतात आणि म्हणणाऱ्याचा आवाज नाहीसा होतो. मग माइक बदलणं सुरू. हवी ती वायर अशी: मिक्सरकडे दोन कड्यांची मोनो पिन, बॉक्सकडे स्टीरिओ पिन, आणि तिच्यात टोक व मधली कडी एकत्र झाळलेली. इंदूरच्या जेल रोडला किंवा महाराणी रोडला सांगून बनवून मिळते, शील्डवाली मागा. पाच मीटरच्या दोन वायरी तिसऱ्या बॉक्सच्या किमतीपुढे काहीच नाहीत. घूं असा हम आला तर बॉक्सचे चार्जर एकेक काढून पाहा, बहुतेकदा ग्राउंड लूप असतो, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. बॅटरीवर चालवला की थांबतो. फक्त बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की बरेच बॉक्स आपणहून बास उतरवतात, म्हणून आरतीआधी भरून ठेवा.

रंगपंचमीबद्दल थोडंसं. गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी बॉक्स ओट्यावर काढणार असाल तर खोक्यावरच्या आयपीएक्स४वर विसंबू नका. तो फक्त शिंतोड्यांचा आकडा आहे. ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणीच दिलेली नाही, आणि गुलाल धुळीसारखाच बारीक. चार्जिंगसाठी मागचं रबरी झाकण उघडलं की शिंतोड्यांचाही भरवसा नाही. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा तसंही आवरायचंच असतं.

तिसरा बॉक्स पुन्हा घेणार नाही. दोन बॉक्स आणि मिक्सर पुरेत. नवा घेणाऱ्याने पुढचे दिवे बघण्याआधी मागचं पॅनेल बघावं: ऑक्स इनशेजारी ऑक्स आउट असेल तर पहिल्या बॉक्समधून वायरनेच दुसरा जोडता येतो. तिथे आपला फोन आणि माइक दोन्ही लावून विचारा की माइकचा आवाज त्या आउटमधून बाहेर पडतो का. काहींत पडतो, काहींत नाही, आणि माहितीपुस्तकात ते सापडणार नाही.