‘आय-सेव्हन’ म्हणून गळ्यात मारलेला जुना संगणक

कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, पूर्ण सेट’ अशा जाहिराती कोल्हापुरात मोबाईलवर एकामागून एक येऊ लागतात, आणि त्यांत प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचा, पूर्ण क्रमांक सहसा नसतो. तो क्रमांक गाळून काय खपवले जाते, हे इतरांना वेळीच कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मुलीचा डिप्लोमाचा अभ्यास आणि माझे मार्केट यार्डातील गुळाच्या अडतीचे हिशेब, अशा दोन्ही कामांसाठी घरात एक संगणक हवा होता. शहरातील एका दुकानातून मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड आणि माऊससह असेंबल केलेला सेट ३८,००० रुपयांना घेतला. ‘‘नवीन माल आहे साहेब, तीन वर्षं काही बघायला लागणार नाही,’’ असे दुकानदाराने सांगितले होते. कॅबिनेट खरोखरच नवे होते, त्यावरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. बिलावर मात्र ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ एवढाच मजकूर होता.

पुढे विंडोजचे मोठे अपडेट येईना आणि हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याचा संदेश दिसू लागला. पुण्यात आयटीत असलेला माझा भाचा नवरात्रात आला असता त्याने सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवला आणि म्हणाला, ‘‘मामा, आय-सेव्हन आहे हे खरं, पण हा ३७७० आहे, २०१२ सालचा.’’ इंटेल कंपनीच्या कोअर आय मालिकेत या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक सोडले, की उरलेला सुरुवातीचा आकडा पिढी सांगतो: ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या संगणकात ही तपासणी चुकवून विंडोज बसवलेले होते आणि त्याचे ॲक्टिव्हेशनही संस्थांसाठी असलेल्या प्रकारचे होते, म्हणजे परवानाही खरा नव्हता. आय-सेव्हन म्हणजे आय-थ्रीपेक्षा नेहमीच सरस, असे बहुतेकांना वाटते आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. प्रत्यक्षात २०२२ साली आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही ३७७० इतकेच चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि तो त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे.

भाच्याने कॅबिनेटची बाजू उघडली. मदरबोर्डवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, फक्त एच-६१ असे छापलेले होते. हा २०११ सालचा चिपसेट, म्हणजे बोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप, आहे, पण त्यावरचे बोर्ड चीनमध्ये अजूनही बनवले जातात, त्यामुळे आतला बोर्ड चकचकीत दिसतो आणि ग्राहकाला सगळेच नवे वाटते. रॅम डीडीआर-३ प्रकारची होती. ती आजच्या बोर्डवर बसत नाही. म्हणजे उद्या सुधारणा करायची म्हटली तरी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही टाकूनच द्यावे लागणार. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, १४,००० तासांहून अधिक चाललेली दिसली. जुना माल जुना म्हणून, जुन्याच्या दरात विकला असता, तर माझी काहीही तक्रार नव्हती. आमच्याकडे सौद्यात गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग आणि कण पाहिल्याशिवाय कोणी बोली लावत नाही, मग संगणकच बंद डब्यात का विकला जावा?

म्हणून संगणक घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की पैसे देण्यापूर्वी दुकानातच संगणक सुरू करून घ्यावा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचे पूर्ण नाव स्वतः वाचावे. बिल जीएसटीचेच मागावे आणि त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम व एसएसडी यांचे मॉडेल आणि सीरियल नंबर वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘बिलाशिवाय अठरा टक्के वाचतील’ असे कोणी सांगितले, तर त्या दुकानातून निघावे. कारण पुढे दाद मागताना हातात असतो तो तेवढाच कागद.

दुकानदाराने आधी रॅम वाढवून देण्याची तयारी दाखवली, नंतर फोन घेणेच बंद केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा झाल्यावर दुकानदाराने मॉनिटर आणि यूपीएस वगळता उरलेली रक्कम हप्त्यांनी परत करण्याचे लेखी मान्य केले असून पहिला हप्ता मिळाला आहे. राहिलेली रक्कम ठरल्या तारखांना आली नाही, तर आयोगात दाखल करायचा अर्ज, जाहिरातीच्या आणि तपासणीच्या छायाचित्रांसह, तयार ठेवला आहे.