पिचरचे आकडे आणि मागचे सात जण: ‘बेसबॉल सॅव्हंट’ वापरून पाहताना

कोल्हापुरात शाळा-कॉलेजच्या बेसबॉल संघांचं स्कोअरबुक लिहिणाऱ्यांनी ‘बेसबॉल सॅव्हंट’ ही मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगची, मोफत वेबसाइट वापरायलाच हवी. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, आकड्यांत त्याची स्वतःची कमाई किती आणि मागच्या सात क्षेत्ररक्षकांची किती, हे ती उघड करून दाखवते.

शाहू स्टेडियमवर बचावफळी फुटली की गोल चढतात गोलकीपरच्या नावावर. पिचरचंही तेच. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड धावा. एररमुळे, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, झालेल्या धावा त्यातून वगळतात, म्हणून आकडा स्वच्छ वाटतो. पण एरर लागतो तो बहुधा चेंडूपर्यंत पोचून चुकणाऱ्याला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दोन पावलं कमी पडला, तर शेजारून गेलेला चेंडू हिट, म्हणजे फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका, म्हणून लिहिला जातो आणि भुर्दंड पिचरला.

सॅव्हंटवर हे तपासायला ‘लीडरबोर्ड्स’मध्ये ‘आउट्स अबव्ह अॅव्हरेज’ उघडा आणि ‘फिल्डर’ऐवजी ‘पिचर’ निवडा. आता त्या पिचरमागे क्षेत्ररक्षकांनी सरासरीपेक्षा किती आउट जास्त किंवा कमी मिळवले ते दिसतं. हिशेब सरळ आहे: जो झेल २५ टक्के वेळाच पकडला जातो तो पकडला तर ०.७५ जमा, सुटला तर ०.२५ वजा. धावांत बदलायचं असेल तर इनफिल्डमधला (बेसजवळचा) एक आउट ०.७५ धावेचा आणि आउटफिल्डमधला (मागच्या मोकळ्या भागातला) ०.९ धावेचा धरतात. ईआरए वाईट आणि हा आकडा उणे बारा-पंधरा असेल, तर पिचरला दोष देण्याआधी थांबा.

जोडीला एक्सईआरए, म्हणजे अपेक्षित ईआरए, बघा. हा आकडा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार बॉलवर मोफत मिळालेला पहिला बेस) आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने, कोणत्या कोनात सुटला यावरून काढलेला असल्याने, पुढे चेंडू कोणी पकडला की सोडला याचा त्यावर परिणाम होत नाही.

उणीव मोठी आहे ती जुन्या काळाची. कॅमेरे आणि रडारची मोजणी सगळ्या ३० मैदानांवर २०१५ पासून आली, आणि ही आउटची मोजणी २०१६ पासूनची. त्याआधीच्या पिचरसाठी ‘फॅनग्राफ्स’ या आकडेवारीच्या वेबसाइटवर जावं लागतं. तिथे पेड्रो मार्टिनेझ या पिचरचे दोन हंगाम शेजारी ठेवून बघाच. १९९९ मध्ये ईआरए २.०७, २००० मध्ये १.७४, म्हणजे दुसरा हंगाम सरस वाटतो. पण होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेला फटका), वॉक, फलंदाजाच्या अंगाला लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट यांवरच चालणारा, क्षेत्ररक्षण वगळणारा एफआयपी १९९९ मध्ये १.३९ आणि २००० मध्ये २.१७ आहे. होमरन सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी हिट ठरलेल्यांचं प्रमाण, म्हणजे बॅबिप, आधी .३२३ होती, मग .२३६ झाली. मात्र ही सगळी तफावत क्षेत्ररक्षणाची, असं म्हणणं चूक ठरेल. एका हंगामातल्या साडेचारशे-पावणेपाचशे चेंडूंत नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

एफआयपीही पूर्ण निर्लेप नाही, हे अनेकजण विसरतात. स्ट्राइक झोनच्या काठावरचा चेंडू ग्लोव्ह न हलवता स्थिर घेणारा कॅचर, म्हणजे फलंदाजामागचा खेळाडू, पंचाकडून बॉलचा स्ट्राइक करून घेतो. त्यातून वॉक घटतात, स्ट्राइकआउट वाढतात. सॅव्हंटवर त्यासाठी ‘कॅचर फ्रेमिंग’चं वेगळं पान आहे.

मोबाइलवर मोठे तक्ते डोळ्यांना त्रास देतात, लॅपटॉप बरा. तक्ते सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येतात.

आपल्या मैदानावर कॅमेरे नाहीत, तरी बॅबिप वहीतून निघतो: हिटमधून होमरन वजा करा, अॅट-बॅटमधून (फलंदाजीच्या संधी, वॉक सोडून) स्ट्राइकआउट आणि होमरन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव मिळवून देणारे फटके) मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा हिट ३८, होमरन २, अॅट-बॅट १२०, स्ट्राइकआउट ३०, सॅक्रिफाइस फ्लाय २. म्हणजे ३६ भागिले ९०, बरोबर .४००. मेजर लीगची सरासरी .३०० च्या आसपास असते, पण तिच्याशी तुलना करू नका. उखडलेल्या इनफिल्डवर चेंडू वेडावाकडा उसळतो. त्याच संघातल्या दुसऱ्या पिचरशी करा, कारण मैदान आणि क्षेत्ररक्षक तेच. दोघेही .४०० च्या घरात असतील तर सराव इनफिल्डला द्या. एकच असेल, तर त्याच्यावर बसलेले फटके जोरदार होते की मऊ, ते प्रत्येक चेंडूपुढे ‘ज’ किंवा ‘म’ लिहून पुढच्या चार सामन्यांत नोंदवा.