जुन्या एसएलकेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्याने बांधून घेतला, त्याला आता वर्ष होत आलं

गाडी मर्सिडीज-बेंझ एसएलके २०० कॉम्प्रेसर, आर१७१ पिढीची, २००६ सालची. १.८ लिटरचं सुपरचार्जरवालं इंजिन, १६३ अश्वशक्ती, २४० न्यूटन-मीटर टॉर्क, ताकद मागच्या चाकांना, आणि बटण दाबलं की डिकीत जाऊन बसणारं पत्र्याचं छप्पर. गिअरबॉक्स ५ गिअरचा ऑटोमॅटिक, मर्सिडीजच्या क्रमांकाप्रमाणे ७२२.६. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या मर्सिडीज ज्यांनी सांभाळल्यात त्यांना हा आकडा पाठ असतो, कारण सी-क्लास, ई-क्लासपासून मोठ्या एस-क्लासपर्यंत हाच बॉक्स लहान-मोठ्या रूपात बसवलेला आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी तो पूर्ण उघडून बांधून घेतला. उन्हाळा, पावसाळा, थंडी हे तिन्ही ऋतू त्यावर काढून मगच लिहायला बसलोय. काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक गिअरबॉक्स छानच चालतो, त्यावर विश्वास ठेवू नये.

आधी त्रास काय होता ते सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी ताडून बघता येईल. पहिली गोष्ट थरथर. साठ-ऐंशीच्या वेगाला, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, पेडलवर हलका पाय असताना गाडी रंबल स्ट्रिपवरून चालल्यासारखी थरथरायची. पाय जरा जास्त दाबला किंवा पूर्ण काढला की थांबायची. अनेक जण यात टायर बॅलन्सिंग नाहीतर इंजिन मिसिंग शोधत बसतात. दुसरी गोष्ट, दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना आरपीएम मोकळे वर चढायचे आणि मग धक्का देऊन गिअर पडायचा. तिसरी गोष्ट, ज्यामुळे मी हातपाय हलवले, ती लिंप मोड, म्हणजे बिघाड दिसला की गाडी कशीबशी घरी पोहोचण्यापुरतीच चालते ती अवस्था. पुण्यात विद्यापीठ चौकाच्या गर्दीत गाडीने गिअर बदलणंच सोडलं. बंद करून पुन्हा चालू केल्यावर फक्त दुसरा आणि रिव्हर्स, एवढंच शिल्लक. बाणेरपर्यंत दुसऱ्यावरच आणली.

या तिन्ही गोष्टींची मुळं वेगळी असतात, आणि हे समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नका. थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आतल्या लॉक-अप क्लचची, म्हणजे दोघांना थेट जोडणाऱ्या क्लचची. हा क्लच तिसऱ्या गिअरपासून पुढे थोडा थोडा घसरत गुंततो, म्हणजे मुद्दाम नियंत्रित घसरतो. त्याचं लायनिंग झिजलं किंवा तेल खराब झालं की घसरण एकसारखी राहत नाही, पकड बसते-सुटते, आणि तेच आपल्याला बुडाखाली जाणवतं. रेडिएटरच्या आत गिअर ऑइलचा कूलर असतो, तो आतून फुटून कूलंट तेलात मिसळलं तरी हीच थरथर येते, त्यामुळे आधी तेलाची तपासणी. दुसऱ्या-तिसऱ्यातला घोळ गिअरबॉक्सच्या आतल्या के-२ नावाच्या क्लचचा. तिसरा, चौथा, पाचवा हे तिन्ही गिअर या क्लचवर चालतात, तेव्हा तो आधी थकतो यात नवल नाही. आणि लिंप मोडचं कारण बहुतेक वेळा इलेक्ट्रिकल. व्हॉल्व्ह बॉडीवर (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) कंडक्टर प्लेट नावाची प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यात स्पीड सेन्सर बसवलेले असतात. सेन्सरचा सिग्नल गेला की कंट्रोल युनिट धोका पत्करत नाही.

याच भागातली आणखी एक छोटी वस्तू म्हणजे १३ पिनांचा गोल कनेक्टर, जिथून वायरिंग गिअरबॉक्समध्ये शिरतं. त्याच्या रबरी ओ-रिंग वयाने कडक होतात, तेल झिरपतं आणि वायरींच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. माझ्या गाडीत युनिटचा प्लग काढला तर पिना तेलाने ओल्या होत्या. किरकोळ किमतीच्या रबरापायी महागडं युनिट जायची वेळ येते. जुनी ७२२.६ वाली गाडी विकत घेणार असाल तर हा प्लग काढून बघायला लावाच.

मग प्रश्न आला, करायचं काय. चार वाटा होत्या.

सगळ्यात स्वस्त वाट कुर्ल्याच्या बाजारातून अपघाती गाडीचा बॉक्स उचलून बसवायची. मी तिकडे गेलो, दोन बॉक्स बघितले, आणि परत आलो. त्या बॉक्सनेही आपल्याच बॉक्सएवढी वर्षं काढलेली असतात, तेल कधी बदललं याचा पत्ता नाही, आणि बसवून चालवल्याशिवाय काहीच कळत नाही. बॉक्स उतरवायची-चढवायची मजुरी मात्र दोन्हीकडे तेवढीच. दुसरी वाट ७ गिअरच्या ७२२.९ ची. एसएलके ३५० मध्ये तो यायचा, त्यामुळे अनेकांच्या मनात हा किडा असतो. पण त्याचं कंट्रोल युनिट गिअरबॉक्सच्या आतच, व्हॉल्व्ह बॉडीवर असतं, आणि ते गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेलं असतं. नुसता बॉक्स बसवून भागत नाही, सगळं वायरिंग आणि कोडिंग मागे लागतं. तिसरी वाट ६ गिअरचा मॅन्युअल. कंपनीने या गाडीला तो दिला होता, म्हणजे अशक्य नाही. पण पेडल, क्लच, प्रॉपेलर शाफ्ट, इंजिनचं प्रोग्रॅमिंग हे सगळं जमवावं लागतं. आणि माझं रोजचं येणं-जाणं हिंजवडी रस्त्यावरून आहे, तिथे क्लच दाबत बसायची मला अजिबात हौस नाही.

चौथी वाट घेतली. आहे तोच बॉक्स, पण आतून नवा.

चिंचवडच्या एका छोट्या गॅरेजमध्ये काम झालं. तिथला फिटर अनेक वर्षं फक्त ऑटोमॅटिकच उघडतो. पॅन उतरवला तेव्हा मी तिथेच उभा होतो. तेल लालऐवजी काळपट तपकिरी, वास करपलेला. तळाच्या मॅग्नेटवर बोटभर करडा चिखल. के-२ चा संच बाहेर काढला तर फ्रिक्शन प्लेटा काळ्या पडलेल्या, एका प्लेटचं लायनिंग नखाने निघत होतं, आणि मधल्या स्टीलच्या प्लेटांवर उष्णतेचे निळे डाग. गिअर, शाफ्ट, ड्रम मात्र चकचकीत. फिटर म्हणाला, "साहेब, लोखंडाला काही झालेलं नाही. हे सगळं तेल न बदलल्याचं आहे." आधीच्या मालकांच्या सर्व्हिस बुकात गिअर ऑइल बदलल्याची एकही नोंद नव्हती. हा बॉक्स आला तेव्हा तेल आयुष्यभराचं समजलं जायचं, पुढे साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचा नियम आला. अनेक गाड्यांच्या बाबतीत तो नियम मालकांपर्यंत पोहोचलाच नाही.

बदललं ते असं: सगळ्या फ्रिक्शन आणि स्टील प्लेटा, सगळे सील, ऑइल पंपाचं बुश, कंडक्टर प्लेट, १३ पिनांचा कनेक्टर, फिल्टर. कन्व्हर्टर लेथवर कापून आत नवीन लायनिंग लावलं, वेल्ड करून बॅलन्स केला. बॉक्स खाली आहेच तर इंजिनचं मागचं क्रँक सील, गिअरबॉक्स माउंटिंग आणि प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी डिस्क हेही करून घ्या. नंतर यातलं एकेक करायला पुन्हा तेवढीच उलथापालथ करावी लागते.

चढवताना एक गोष्ट मी मुद्दाम बघितली, तुम्हीही बघा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसला पाहिजे. तो हाताने फिरवत ढकलला की टप्प्याटप्प्याने आत जातो, आणि शेवटचा टप्पा फसवा असतो. आमच्या फिटरने बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीचं घंटेसारखं आवरण) तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून स्टीलच्या मोजपट्टीने कन्व्हर्टर किती आत गेलाय ते मोजलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा बाहेर ओढला, फिरवला, आणि "टक्" आवाज आल्यावरच बोल्ट हातात घेतले. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टने ओढून घेतला तर पंप जागेवर फुटतो.

रेडिएटर नवा घेतला. जुन्या कूलरमध्ये अडकलेली घाण नव्या बॉक्समध्ये जाऊ द्यायची नव्हती. शिवाय पुढे एक छोटा जादा ऑइल कूलर लावला. मूळ गाडीवर माझ्याकडून घातलेली भर म्हणाल तर एवढीच, आणि पुण्यासाठी ती अगदी योग्य ठरली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर लॉक होत नाही, तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. वाकड ते हिंजवडी संध्याकाळी काय वेगाने जातो हे सांगायला नको. पूर्वी स्कॅनरवर तेलाचं तापमान ११० च्या पुढे जाताना मी बघितलंय. एप्रिल-मेच्या उन्हातही ते ९० च्या आसपास थांबतं.

तेल मर्सिडीजच्या २३६.१४ मान्यतेचंच घातलं, कन्व्हर्टरसकट सुमारे ८ लिटर. या बॉक्सला मालकासाठी डिपस्टिक नसते, नुसती नळी आणि सीलबंद झाकण. लेव्हल गॅरेजच्या लांब पट्टीने, तेल ८० अंशांवर असताना बघायची असते. थंड तेलावर अंदाजाने भरून गाडी ताब्यात देणारे आहेत. जास्त तेलाने फेस होतो, कमी तेलाने क्लच जळतात. स्कॅनर लावून, तापमान दाखवून लेव्हल बघायला सांगा, संकोच करू नका.

आता सगळ्यात कमी बोललं जाणारं काम: अ‍ॅडॅप्टेशन. जुन्या, झिजलेल्या क्लचना सांभाळून घ्यायला कंट्रोल युनिटने तेलाच्या दाबाचे आणि वेळेचे आकडे वर्षानुवर्षं बदलत आणलेले असतात. क्लच नवे घातले आणि आकडे जुनेच ठेवले तर गाडी धक्के देणारच, आणि दोष फिटरच्या कामाला लागतो. आकडे पुसायचे, मग तेल साठ अंशांच्या वर गेल्यावर हलक्या, एकसारख्या पायाने प्रत्येक गिअर वर-खाली पुन्हा पुन्हा घ्यायचा. आम्ही भल्या पहाटे देहूरोड-कात्रज बायपासवर हे केलं, फिटर लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी. दुसऱ्या-तिसऱ्यातला धक्का डोळ्यांदेखत विरघळत गेला. तुमच्या गॅरेजवाल्याला हा विषय माहीत नसेल तर दुसरं गॅरेज शोधा, इतकं हे महत्त्वाचं आहे.

वापरात काय फरक पडला? थरथर पूर्ण गेली आणि परत आलेली नाही. खंबाटकी चढताना तिसरा गिअर घट्ट धरून राहतो, वळणातून बाहेर पडताना पेडल दाबलं की सुपरचार्जरचा तो बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आणि वेग सोबतच वाढतात. पूर्वी आधी आवाज यायचा आणि वेग मागाहून. ताम्हिणीत पावसात, धुक्यात, ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांच्या गाडीला गिअर अचानक पडणं धोक्याचं असतं. आता गिअर कधी बदलला ते आरपीएमच्या काट्यावर बघावं लागतं. शेजारी बसलेल्या बायकोने स्वतःहून विचारलं, "अरे, तो धक्का कुठे गेला?"

नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तर मी आता वेगळ्याच भरवशाने उतरतो. लिव्हर डावीकडे दाबून तिसरा घेतला की इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेकला अधूनमधून हात द्यावा लागतो एवढंच. या उतारावर किती अपघात झालेत हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. इथे गिअर हुकमी पडणं मला शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

जे बदललं नाही तेही सांगतो. हा ५ गिअरचा बॉक्स आहे आणि तसाच राहिला. गिअरचं गुणोत्तर दुसऱ्याचं साधारण २.४, तिसऱ्याचं साधारण १.५, म्हणजे मधलं अंतर मोठं आहे, आणि ओव्हरटेकला किकडाउन मारल्यावर, म्हणजे खालचा गिअर पडावा म्हणून पेडल पूर्ण दाबल्यावर, तो क्षणभर विचार करतो. आजच्या ड्युअल क्लचची चपळाई हवी असेल तर ही गाडीच तुमची नाही. 'सी' (कम्फर्ट) मोडमध्ये गाडी दुसऱ्यावर सुटते, त्यामुळे सिग्नलला सुस्त वाटते, मी 'एस' मोडमध्येच ठेवतो. थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं गिअर उशिरा बदलतात, ते बिघाड म्हणून धरू नका, एक्झॉस्टमधला कॅटॅलिस्ट लवकर तापावा म्हणून तसं ठेवलेलं असतं. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही.

खर्च रेडिएटर, कूलर धरून तीन लाखांच्या आसपास गेला. सुटे भाग बाहेरून मागवावे लागले, कस्टममध्ये अडकले, गाडी दोन महिन्यांच्या वर लिफ्टवर होती. घाईची गाडी असेल तर याची तयारी ठेवा. कामाची वॉरंटी तोंडी घेऊ नका, काय काय बदललं त्याची यादी आणि जुने भाग मागून घ्या. मी घेतलेत.

काही हजार किलोमीटर झाल्यावर तेल आणि फिल्टर पुन्हा बदलला, नव्या प्लेटांचा पहिला कचरा निघून जावा म्हणून. तेल लालच होतं, मॅग्नेटवर पातळ करडी साय, कण एकही नाही. इथून पुढे ५०,००० ला बदलणार, ६०,००० ची वाट बघणार नाही. १३ पिनांचा कनेक्टर आणि युनिटचा प्लग दर सर्व्हिसला उघडून बघायचं फिटरला सांगून ठेवलंय.