पडदा सैल करायचा की काढायचा?

नौपाड्यातल्या माझ्या वहिनीला स्तनाच्या कॅन्सरनंतर स्तनाच्या जागी इम्प्लांट बसवलं, मग रेडिएशन झालं. दीड वर्षात ती बाजू दगडासारखी घट्ट झाली; त्या कुशीवर झोपणंच बंद. इम्प्लांटभोवती शरीर पातळ पडदा, म्हणजे कॅप्सूल, बनवतंच. तो आवळला की त्रास सुरू. हे आवळणं किती, ते बेकर श्रेणी १ ते ४ मध्ये मोजतात; ४ म्हणजे कडकपणा, बिघडलेला आकार आणि दुखणं. वहिनी तिथेच पोचली होती.

कॅप्सूलोटॉमीत पडद्याला चिरा देऊन तो सैल करतात. ऑपरेशन लहान, रक्तस्राव कमी, त्वचा नाजूक असेल तर सोयीचं. पण पडदा आतच राहतो आणि पुन्हा आवळू शकतो. (पूर्वी बाहेरून हाताने दाबून तो फोडत. इम्प्लांट फुटायचं, म्हणून ती पद्धत मागे पडली. कुणी आजही सुचवलं तर अजिबात ऐकू नका.)

कॅप्सूलेक्टॉमीत पडदाच काढतात, बहुतेकदा इम्प्लांटही बदलतात. वेळ जास्त, आणि बरगड्यांना चिकटलेला मागचा भाग सोडवताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा व्हायची भीती. वहिनीने सर्जनशी दोनदा बोलून हेच निवडलं. घरी आल्यावर ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीतलं लालसर पाणी मिलिलिटरमध्ये मोजून मी कॅलेंडरवर लिहायचे: ६०, ४५, २५.

माझ्या मते जाड, कॅल्शियम साचलेल्या पडद्याला नुसत्या चिरा पुरत नाहीत. पातळ पडद्याला पुरतात. मात्र खरखरीत पृष्ठभागाचं इम्प्लांट असून काही वर्षांनी अचानक सूज आली, तर आधी सुजेत साचलेल्या पाण्याची लिम्फोमासाठी (एक प्रकारचा कॅन्सर) तपासणी करा, ऑपरेशन नंतर.