बाबांच्या स्ट्रोक युनिटचा अनुभव (१६ दिवस)

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. आधी जिथे ॲडमिट केलं तिथे डॉक्टर हुशार होते पण प्रत्येकाचं आपापलं चालायचं, न्यूरोवाले म्हणायचे तोंडाने काही देऊ नका, सिस्टर म्हणायच्या घसा सुकलाय थोडं पाणी पाजा, फिजिओ सांगून जायचे की उजवा खांदा जपा आणि अर्ध्या तासात वॉर्डातले मामा त्याच हाताला धरून बाबांना वर ओढायचे. चौथ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया, पाणी छातीत जात होतं.

मग पुण्यातच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या स्ट्रोक युनिटला हलवलं. पहिल्याच संध्याकाळी दादा चमच्याने चहा द्यायला गेला तर लादी पुसणाऱ्या मावशी पोछा टाकून धावत आल्या, "अहो थांबा, यांना पातळ चालत नाही!" आणि उशाशी लावलेला कागद दाखवला. पेजेसारखं घट्ट करून, बसवूनच भरवायचं, उजवा हात ओढायचा नाही. मावशींना हे कसं माहीत? तर तिथे दर बुधवारी दुपारी डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, डाएटिशियन, मामा-मावशी सगळे तासभर एकत्र बसतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी एकजण आपलं काम बाकीच्यांना शिकवतो. स्पीच थेरपिस्टने (बोलण्यासोबत गिळणंही तेच बघतात) म्हणे सगळ्यांना मान मागे टाकून पाण्याचा घोट गिळून बघायला लावलं होतं, तेव्हापासून कुणी पेशंटला आडवं ठेवून पाजत नाही.

आणि हे वरून खालीच चालतं असं नाही. बाबा ताटातली अर्धी खिचडी टाकायचे, आम्हाला वाटलं भूक मेली. रात्रपाळीच्या सिस्टरनी बघितलं की रोज ताटाची उजवीच बाजू उरते, त्यांनी ते मीटिंगमधे सांगितलं, डॉक्टरांनी तपासलं तर बाबांना उजवीकडचं दिसतच नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून ताट डावीकडे सरकवून ठेवायला लागले आणि बाबा सगळं संपवायला लागले. मला तिथेच रडू आलं.

घरी आल्यावर यावर शोधून वाचलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या १९ स्ट्रोक युनिट्समधे असाच प्रयोग झालाय, २०११ मधे लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आला. ताप, साखर आणि गिळणं, या तीन गोष्टी सांभाळायला नर्सेसना शिकवलं, अडचणी सोडवायला टीमला एकत्र बसवलं. ९० दिवसांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट तिथे ४२ टक्के, आणि जिथे हे केलं नाही तिथे ५८ टक्के. औषध नवीन काहीच नव्हतं हो.

तक्रारी आहेत. रविवारी स्पीच थेरपिस्ट नसतात, डिस्चार्जला सहा तास लागले, पार्किंगचं तर विचारूच नका. आणि त्या बुधवारच्या बैठकीत फार्मसीवाले नसतात, त्यामुळे निघताना मोठमोठ्या गोळ्या हातात दिल्या, कुटून चालतील का विचारलं तर काउंटरवर कुणालाच सांगता येईना, शेवटी वरून सिस्टर आल्या आणि त्यातल्या दोन बदलून दिल्या. फार्मसीलाही बुधवारी बसवा, फीडबॅक फॉर्मवर लिहून आलोय. पाचपैकी साडेचार.