तळघरातला डीह्युमिडिफायर, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आमचं घर पुण्यात सहकारनगरला, जुना बंगला, जोतं उंच आणि त्याच्याखाली पाच फुटी तळघर, आत वाकूनच जावं लागतं. गणपतीचं मखर, दिवाळी अंकांचे गठ्ठे, दोन ट्रंका, सासऱ्यांची पेटी, सगळं तिथेच. दर ऑगस्टला खाली उतरलं की तो कुबट वास. तीन वर्षांपूर्वी पेटी उघडली तर भात्यावर हिरवी बुरशी आणि तीन पट्ट्या दाबल्या त्या दबलेल्याच राहिल्या, वर येईनात. म्हटलं आता बास.

आधी तुळशीबागेतून ते ओल शोषणारे डबे आणले. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, कपाटात ठीक चालतं, पण अख्ख्या खोलीला सहा डबे म्हणजे पुरात वाटीने पाणी उपसण्यातला प्रकार. मग तपकीर गल्लीतून छोटा ह्युमिडिटी मीटर आणला, जुलैत आकडा ९१ टक्के. साठ-सत्तरच्या वर राहिलं की बुरशी धरतेच, इथे तर तिला आमंत्रणच होतं. शेवटी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं साडेसतरा हजारांचं मशीन घेतलं. ब्रँड मुद्दाम देत नाही, कारण आत बहुतेकांच्या तेच असतं, कॉम्प्रेसर, गार कॉइल, पंखा आणि पाण्याची टाकी, थोडक्यात फ्रीजचाच भाऊ.

पहिली चिडचिड लिटरवरून. बॉक्सवर लिहिलंय रोज १२ लिटर, तो आकडा ३० डिग्री आणि ८० टक्के दमटपणा धरून काढलेला. माझं तळघर पावसाळ्यात २४ डिग्री, तिथे पहिल्या आठवड्यात कसेबसे सहा-सात लिटर निघायचे. दुकानदाराने हे सांगितलं असतं तर मी मोठंच घेतलं असतं ना.

दुसरी आणि खरी अडचण म्हणजे पाणी टाकायचं कुठे. टाकी दोन लिटरची, सात-आठ तासांत भरते आणि मशीन आपोआप बंद, म्हणजे रात्री बाराला कोणीतरी वाकून खाली जायचं. मागे पाइप लावायची सोय आहे पण आत पंप नाही, पाणी फक्त उताराने जातं, आणि तळघरातून मोरी कुठे तर वरच! शेवटी मशीन स्टुलावर ठेवलं, पाइप खाली २० लिटरच्या बादलीत सोडला, आता दोन-तीन दिवसांनी एकदा बादली उपसते. ते पाणी फरशी पुसायला छान. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला असं आमच्या शेजारच्या काकांनी सुचवलं, अजिबात घालू नका, कॉइलवरची धूळ-घाण सगळी त्यात उतरलेली असते.

आणि एक, मशीन एकटं काही करू शकत नाही. मी आधी दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा जमिनीला चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला, तर खालच्या बाजूने थेंब, म्हणजे ओल जमिनीतूनच वर येत होती. गच्चीची पन्हळ बरोबर त्याच कोपऱ्यात जोत्याला खेटून सुटत होती. प्लंबरकडून पाइप जोडून पाणी आठ फूट लांब नेलं, आत जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं, जोडावर फूटभर एकावर एक घेऊन. अर्धं काम तिथेच झालं, मशीनला उगाच सगळं श्रेय नको.

मग जाळीच्या झरोक्यांवरून सासूबाईंशी वाजलं. त्यांचं म्हणणं, "अगं, भोकं बुजवू नकोस, हवा खेळती राहिली पाहिजे, आमच्या वेळी उघडंच असायचं सगळं." मी म्हटलं आई, बाहेरची २७ डिग्रीची ८५ टक्केवाली हवा या गार खोलीत आली की लगेच शंभर टक्के, भिंतीलाच पाणी सुटणार. त्या काही पटलेल्या दिसल्या नाहीत. तरी जून ते सप्टेंबर मी झरोके बंद ठेवले, मशीन ५५ वर सेट केलं, आणि मीटर ५६-५८ ला स्थिरावला. दिवसातून साधारण बारा तास कॉम्प्रेसर चालतो, २४० वॉट, म्हणजे तीन युनिटच्या आत. खोली दोनेक डिग्रीने गरम होते तेवढं चालतं.

आवाज आहे, जुन्या फ्रीजसारखा घुर्रघुर्र, बेडरूमला नको. लाईट जाऊन आले की माझं मशीन आपलं आपण सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं, हे घेण्याआधी नक्की विचारा. मशीनची फिल्टरची जाळी महिन्यातून एकदा धुवावी लागते.

नोव्हेंबर लागला की मात्र मशीन गुंडाळून ठेवते आणि झरोके सताड उघडते, तेव्हा पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी की फुकटात काम होतं. पहिल्या वर्षी उघडले तर सासूबाई जिन्यात उभ्या, "शेवटी उघडलेसच ना." पेटी दुरुस्त करून आणलीये, भाता नवा घातला, आता खालीच असते आणि सगळ्या पट्ट्या वर येतात.